अडीच सूत आणि आठ एमएम

आमच्या घरच्या भाकरीला लोखंडाचा वास यायचा. आई पीठ मळायला बसण्याआधी हात राखेने घासायची, मग लिंबाच्या सालीने, मग नारळाच्या शेंडीने. तरी बोटांच्या रेघांत बसलेलं काळं तेल पुरतं निघत नसे. बाबा बोरिवलीला एका कचेरीत शिपाई होते. संध्याकाळी जेवायला बसले की पहिला घास मोडून विचारायचे, “आज आठची भाकरी आहे की दहाची?” म्हणजे आज आठ एमएमचे बोल्ट आले होते की दहाचे. आई म्हणायची, “खायची तर खा, नायतर ताटात वायसर वाढते.” वॉशरला आमच्या चाळीतल्या सगळ्या बायका वायसरच म्हणत. भाकरी तांदळाची, सोबत सुकटीचं कालवण नाहीतर वालाचं बिरडं. मला तो वास कधी वाईट वाटला नाही. तो वास आहे हेच मला माहीत नव्हतं. कॉलेजात पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा शेजारच्या मुलीने नाक मुरडलं आणि मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, माझ्याकडची अर्धी भाकरी मागून खाल्ली. त्या दिवशी मला कळलं.

आम्ही चंदनसारला राहायचो. आता तिथे इतके मनोरे उभे आहेत की मलाच आमची जागा बोट दाखवून सांगता येत नाही. पण तेव्हा दहा खोल्यांची पत्र्याची चाळ होती, पुढे सलग पडवी आणि पडवीपुढे भाताची शेतं. आठवड्यातून दोनदा सातिवलीहून टेम्पो यायचा. तिथल्या एका छोट्या युनिटमध्ये बोल्ट बनत. नट आणि वॉशर बाहेरून येत. तिन्ही वेगवेगळ्या गोण्यांत भरून टेम्पोवाला आमच्या पडवीत टाकून जायचा. बायकांचं काम एवढंच, की प्रत्येक बोल्टात वायसर घालायचा, वर नट चढवायचा, बोटांनी दोन-तीन वेढे द्यायचे म्हणजे तो गळून पडणार नाही, आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. शंभर झाले की पिशवी. दुपारची जेवणं उरकली की पाच जणी गोणपाटावर गोल बसायच्या आणि मधे लोखंडाचा ढीग. मोठा बोल्ट डब्यात पडला की ठण्ण व्हायचं, छोटा पडला की टिक्. पाच डब्यांचा तो आवाज तीन तास चालायचा. मी खोलीत अभ्यास करत असे. लोक म्हणतात अभ्यासाला शांतता लागते. मला अजूनही अगदी शांत खोलीत वाचताना काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं.

काम देणारे सातिवलीचे, पण काम चाळीत आणलं होतं आईने, म्हणून गोण्यांची जबाबदारी तिची. आई विरारच्या पूर्वेकडच्या एका भातशेतीच्या गावची. शाळा तिने दुसरीत सोडली. अक्षरं लावता यायची, पण इंग्रजी नाही. तिची एक सवय होती. नवी गोणी फोडली की पहिले मूठभर नट ती स्वतः घ्यायची, बोल्टावर चढवून थेट डोक्यापर्यंत अंगठ्याने फिरवत न्यायची आणि मग परत सोडवायची. असे दहा-बारा नट झाले की म्हणायची, “आटा धावतो. घ्या.” मगच बाकीच्या हात घालत. बोल्टाच्या अंगावर कोरलेल्या त्या फिरत्या रेषेला आटा म्हणतात. बाकीच्यांना दोन-तीन वेढ्यांपलीकडे जायचं कारणच नव्हतं, वेळ जातो. पुष्पाकाकू, आमच्या शेजारच्या खोलीतल्या, राजापूरकडच्या, फार तिखट बोलायच्या. त्या म्हणत, “हिचं म्हणजे कसं, भात शिजला की नाही ते बघायला सगळं पातेलं खाऊन बघायचं.” आई म्हणायची, “तू शीत बघ गो. मी पातेलं बघते.”

एकदा मी तिला विचारलं होतं की ही सवय तुला कुठून लागली. ती म्हणाली, तिच्या वडिलांच्या नांगराला लोखंडी फाळ सोडला तर एक खिळा नव्हता. सगळ्या पाचरी. लाकडाची पाचर ठोकायची आणि तिला पाणी प्यायला द्यायचं, की ती फुगते आणि धरून बसते. “पाचर बसली का ते बघायचं नसतं,” ती म्हणाली, “हलवायचं. हललं तर बसली नाय.” एवढंच. हे मी तेव्हा कुठे लिहून ठेवलं नाही, आणि आज लिहिताना त्यातला एखादा शब्द माझा नसेलच असं सांगता येणार नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. घरातली म्हणजे दोन्हीकडच्या नातेवाइकांतलीही पहिली. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष होतं. वर्गात मी तोंड उघडत नसे. उत्तर येत असलं तरी मनात तीनदा म्हणून बघायची, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी सांगून टाकलेलं असायचं. पण चाळीत माझी किंमत वेगळी होती. रेशनकार्डाचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, लाइटच्या बिलावरची इंग्रजी ओळ, सगळं माझ्याकडे यायचं. पुष्पाकाकू मला “मॅडम” म्हणायच्या, आणि त्या शब्दात टोमणा किती आणि कौतुक किती हे मला कधी ठरवता आलं नाही. गोणीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग वाचायचं कामही माझंच. आत काय आहे, किती आहे, आई मला वाचायला लावायची आणि मान हलवायची.

त्या दिवशी आठ एमएमचे बोल्ट आले होते आणि नटांची नवी गोणी. मी घरीच होते. आईने नेहमीप्रमाणे पहिली मूठ घेतली. नट चढवला, अंगठ्याने फिरवला, आणि थांबली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग म्हणाली, “ह्ये अडतंय.”

“कुठं अडतंय?” पुष्पाकाकूंनी एक नट स्वतः चढवून बघितला. “हा काय, बसला की मस्त.”

“तीन वेढे बसतो. चौथ्याला अडतो. सगळेच चौथ्याला अडतायत.” आईने मला हाक मारली. “बाय, टॅग वाच.”

मी वाचला. बोल्टाच्या गोणीवर आठ एमएम, नटाच्या गोणीवरही आठ एमएम. तसं सांगितलं.

“मग अडतंय का?”

हा प्रश्न तिने मला विचारला होता का, हे मला आजही नक्की माहीत नाही. बहुतेक तिने तो नटालाच विचारला होता. पण पाच जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्याच आठवड्यात आम्हाला रसायनशास्त्राच्या पुस्तकातला धातूवर धातूचा मुलामा कसा चढवतात हा भाग शिकवला होता. लोखंड गंजू नये म्हणून जस्ताचा थर देतात. नट तर चकचकीत पांढरे होते. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम जुळल्या, आणि वर्गात तीनदा मनात म्हणून बघणारी मी ते एकदाही मनात न म्हणता बोलून मोकळी झाले. “आई, त्यांच्यावर जस्ताचा थर चढवतात. थर जाड झाला की आटा घट्ट होतो. माल बरोबर आहे. आमच्या पुस्तकात आहे ते.”

“पुस्तकात हाय?”

“हो.”

आईने हातातला नट आणखी एकदा फिरवून बघितला. मग तो सोडवून ढिगात टाकला आणि म्हणाली, “मग तसं असंल. घ्या.”

पुस्तकात जस्ताचा थर होता. आटा घट्ट होतो असं कुठेही नव्हतं. तेवढं मी जोडलं होतं. मी खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. ते इतकं नीट जुळत होतं की कुठल्यातरी पानावर असणारच असं मला वाटलं. खोलीत परत आल्यावर मी पुस्तक उघडून बघू शकले असते. मी ते उघडलं नाही, हे मात्र मला स्वच्छ आठवतं.

दहाएक दिवसांनी टेम्पो आला तो नेहमीच्या वेळेला नाही, सकाळीच, आणि त्याच्यात नवा माल नव्हता. आमच्याच पिशव्या परत आल्या होत्या, काही फोडलेल्या, काही तशाच. टेम्पोवाला दर खेपेला चहा मागायचा. त्या दिवशी त्याने मागितला नाही. म्हणाला, “काकी, शेठ लई भडकलाय. तुम्ही नट मिक्स केलेत. तिकडं एका गोदामात रॅक आली खाली. माणसाचा हात सापडला.” शेठचं म्हणणं असं होतं, की आम्ही मधे दुसऱ्या कुठल्या युनिटचं अडीच सुताचं, म्हणजे जुन्या इंची मापाचं, काम केलं होतं, त्यातले उरलेले नट आम्ही निष्काळजीपणाने यांच्यात मिसळले. काम बंद. आमचंच नाही, सगळ्या चाळीचं.

आई पडवीच्या पायरीवर उभी होती. तिने विचारलं, “हात तुटला?”

“दोन बोटं चेंगरली. तुटली नाहीत.”

“माझी नजर चुकली,” आई म्हणाली. “शेठला सांग.”

मी दारात उभी होते. पुष्पाकाकू त्यांच्या दारात. बाकीच्या तिघी आपापल्या दारांत. मी त्या दिवशी काय बोलले होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणीही एक शब्द बोललं नाही. टेम्पो गेल्यावरही नाही. पुष्पाकाकू माझ्याकडे बघून आत गेल्या. त्यांनी मला तेव्हा “काय मॅडम?” असं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणंच बंद केलं.

दुपारी पडवीत आवाज नव्हता. बायका उगाच तांदूळ निवडत बसत, बोलत, पण हात मोकळे असले की त्यांचं बोलणंही लवकर संपायचं. एकीचा मुलगा दहावीला होता, एकीच्या नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. हे काम त्यांच्यासाठी काय होतं ते मला सांगायला नको होतं. आमच्या भाकरीचा वास तिसऱ्या दिवशी गेला. बाबा जेवताना काही म्हणाले नाहीत. आईने मला एकदाही विचारलं नाही की तुझं पुस्तक असं कसं म्हणालं. ती भांडी घासताना मधेच थांबायची आणि अंगठा तर्जनीवर फिरवायची, नट फिरवल्यासारखा. मग परत घासायला लागायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांना काय मागायचं हेच कळेना. “नट-बोल्टवर काही आहे का?” असं विचारल्यावर ते चष्म्यावरून बघत राहिले, पण त्यांनी कारखान्याच्या हत्यारांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. त्याच्या पहिल्या प्रकरणात इतिहास होता. शब्दकोश घेऊन मी ते तीन दिवस वाचलं. मला वाटत होतं की खिळा आणि स्क्रू या सदासर्वकाळ असलेल्या गोष्टी आहेत, डोंगरासारख्या. तसं नव्हतं. खिळा जुना, पण एकेक खिळा लोहार ऐरणीवर हाताने घडवायचा. स्क्रूचा आटा माणसाने आधी वापरला तो काही जोडायला नाही, दाबायला; द्राक्षांचा रस आणि तेल काढायच्या दाबयंत्रात. पुढे बोल्ट आणि नट आले, पण प्रत्येक कारागीर आपल्या हाताने आटा कापायचा, त्यामुळे एका बोल्टाचा नट दुसऱ्या बोल्टाला लागत नसे. यंत्र खोललं की प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे, नाहीतर परत जोडता यायचं नाही. मग एका इंग्रज इंजिनिअराने देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सगळ्यांच्या मधलं एक माप ठरवलं. त्याने कुणाचंही माप चुकीचं म्हटलं नाही, सगळ्यांची बेरीज करून मध्य काढला, हे वाचून मला तो माणूस आवडला. ते इंचाचं माप आगगाडीबरोबर आपल्याकडे आलं. आपल्या कारागिरांनी इंचाचे आठ भाग केले, त्याला सूत म्हटलं. नंतर देशाने मीटरची मापं घेतली आणि एमएमचे बोल्ट आले. पण मापं बदलली म्हणून जुनी यंत्रं काही थांबली नाहीत. ती चालत राहिली आणि जुने नट पाडत राहिली. बाजारात दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदत होती.

आणि त्याच पुस्तकात मागे एक तक्ता होता. अडीच सूत म्हणजे एमएममध्ये आठाच्या अगदी जवळ, केसाएवढा फरक. पण आट्यातलं अंतर वेगळं. अडीच सुताचा आटा विरळ, आठचा दाट. एकावर दुसरा चढवला तर दोन-तीन वेढे जातो, मग अडतो.

परवा माझ्या भाचीने घरी एक टेबल मागवलं. खोक्यातून पाट्या, स्क्रू आणि एक वाकडी किल्ली निघाली. तिने अर्ध्या तासात ते उभं केलं, एकही स्क्रू अडला नाही. मी बघत बसले होते. ती म्हणाली, “मावशी, एवढं काय बघतेस?” मी काही सांगितलं नाही. हे असं सगळं एकमेकांत बसण्यासाठी किती माणसांनी किती काळ मोजमाप केलं असेल, हे एकदम सांगायला गेलं की भाषण होतं.

तर, तक्ता सापडला. आमच्याकडे त्या गोणीतले तळाचे मूठभर नट उरले होते आणि टॅगही गोणीला तसाच होता. माझ्याकडे आटे मोजायचं हत्यार नव्हतं. मी कपडे धुवायच्या साबणाची वाळलेली चिपटी घेतली, सुरीने गोल तासली आणि नटात घालून फिरवली. नटाचे आटे साबणावर उमटले. ते मी बोल्टाशेजारी धरले. पहिली रेष रेषेला लागली, दुसरी जवळपास लागली, तिसरी सरकली, पाचवी तर पार निसटली. आईला दाखवलं. ती बराच वेळ डोळ्याजवळ धरून बघत राहिली.

“म्हनजे आपन मिसळले नाय.”

“नाही. गोणीच चुकीची आली. टॅग त्यांचा आहे.”

“चल,” आई म्हणाली. तिने साडी बदलली, साबणाची चिपटी, दोन-चार नट आणि गोणीचा टॅग रुमालात बांधला, आणि आम्ही एसटीने सातिवलीला गेलो.

युनिट म्हणजे पत्र्याची एक शेड, आत तीन यंत्रं, तेलाने काळी झालेली जमीन. शेठ टेबलामागे बसले होते. वय फार नव्हतं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. आईला बघून म्हणाले, “काकी, आता काय फायदा? मेरा पार्टी गया ना हातसे.” आईने रुमाल सोडून टेबलावर साबण, नट आणि टॅग ठेवले. शेठनी विचारलं, “हे काय, साबण?” मी वर्गातल्यासारखं आधी मनात म्हणून बघायला लागले. तोवर यंत्रावरचे दत्तूमिस्त्री हात पुसत आले. पांढऱ्या केसांचे, कानावर पेन्सिल. त्यांनी साबण उचलला, उजेडात धरला आणि हसायलाच लागले. “शेठ, पोरीने साबणाचा बोल्ट पाडलाय!” मग खिशातून आटे मोजायची दातेरी पट्टी काढून त्यांनी नटात लावली. एक पातं लावलं, दुसरं लावलं, आणि हसू थांबलं. “अडीच सूत आहे हा. आपण तो बंद कारखान्यातला जुना माल उचलला ना, त्यातला.”

“मग टॅग आठचा कोणी लावला?”

शेठनी गोणीचा टॅग उलटसुलट करून पाहिला. अक्षर त्यांच्याच माणसाचं असावं. मग ते आईकडे वळले. “पण काकी, तुम्ही तर पहिली मूठ फिरवून बघता ना? तुम्हीच सांगितलेलं मला. मग तुम्हाला पण कळलं नाही?”

मला वाटलं होतं आई नाही म्हणेल. ती म्हणाली, “कळलं व्हतं.”

“कळलं होतं, तरी पाठवला माल?”

“मी सांगितलं ठीक आहे म्हणून,” मी म्हणाले. आवाज आला तो एकदम मोठा आला. “आई थांबली होती. मी म्हटलं, जस्ताच्या थराने आटा घट्ट होतो.”

“तिच्या पुस्तकात तसं लिवलेलं व्हतं, शेठ,” आई लगेच म्हणाली. “तिची काय चूक?”

तिथे मला बोलायला हवं होतं. दत्तूमिस्त्री म्हणाले, “पुस्तक अगदीच खोटं नाही, शेठ. थर जाड झाला तर आटा टाइट होतो. पण तो पहिल्या वेढ्यापासून होतो. चौथ्याला नाही अडत.” शेठ म्हणाले, “जाऊ दे. पुस्तकवाले कधी यंत्रावर बसतात?” आणि सगळे पुस्तकावर थोडंसं हसले. मीही गप्प बसून राहिले. मी आईच्या आणि शेठच्या मधे एका पुस्तकाला उभं केलं होतं, आणि ते बिचारं बोलू शकत नव्हतं. शेठनी माफी वगैरे मागितली नाही. सोमवारपासून टेम्पो येईल एवढं सांगितलं. आईने मान हलवली आणि विचारलं, “ज्याचा हात सापडला तो मानूस कुठं हाय?”

शेठना ते आवडलं नसावं, पण दत्तूमिस्त्रींनी हात करून दाखवलं. गल्लीच्या टोकाला रंगाच्या डब्यांचं गोदाम होतं. तो माणूस दारातच स्टुलावर बसला होता, चाळिशीचा, उजव्या हाताच्या दोन बोटांना जाड पट्टी, डाव्या हाताने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. नाव जनार्दन. आईने आम्ही कोण ते सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. त्याने स्टूल आईला दिलं आणि स्वतः उलट्या डब्यावर बसला.

“दुखतंय?”

“रात्री ठणकतं. हलतायत पण बोटं. डॉक्टर बोलला, होईल.” त्याने ती थोडीशी हलवून दाखवली. मग म्हणाला, “काकी, खरं सांगू का, मला पाना मारतानाच कळलेलं. नट जाईना. हाताला कळतंच ना. मी वरच्याला बोललो, हे काय बसत नाय. तो बोलला, नवीन माल आहे, जोर लाव. मी लावला जोर. आटा खाल्ला त्याने, मला आतून समजलं तो कापला गेला ते. तरी पुढचा लावला.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. “किती वेढ्यांनी अडत व्हता?”

“तीन जायचे.”

“चौथ्याला.”

“हां, चौथ्याला.”

मग आई हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि तोही हसला, पट्टीचा हात मांडीवर सांभाळत. एकाच गावची दोन माणसं परक्या गावात भेटावीत तसे ते हसत होते. मी त्यांच्याशेजारी उभी होते आणि मला त्यात जागा नव्हती.

“तुला तरी वरचा व्हता,” आई म्हणाली. “मला माझ्याच पोरीचं पुस्तक व्हतं.”

“पुस्तकात होतं असं?” जनार्दनने माझ्याकडे बघून विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. “काय होतं?”

त्याच्या पट्टीतून औषधाचा पिवळा डाग बाहेर आला होता. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, “नव्हतं. पुस्तकात फक्त जस्ताचा थर देतात एवढं होतं. आटा घट्ट होतो हे मी जोडलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी म्हटलं पुस्तकात आहे.”

जनार्दन “अस्सं,” एवढंच म्हणाला आणि पुढची चिठ्ठी उचलली. ती त्याच्या डाव्या हाताने तिरकी लागली. आईने उठून ती सोडवली आणि सरळ लावून दिली. मग डब्यांची ती रांग संपेपर्यंत आम्ही दोघींनी त्याला चिठ्ठ्या लावायला मदत केली, तो नको नको म्हणत असताना. माझ्याकडे आईने एकदाही बघितलं नाही.

बाहेर पडलो ते एसटीच्या थांब्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे. रस्त्यावर धूळ होती, सळया भरलेला एक ट्रक खडखडत गेला. थांब्यावर पोचल्यावर ती म्हणाली, “म्हनजे पुस्तकात तसं नव्हतंच?”

“नव्हतं, आई.”

“नक्की? नीट बघितलंस?”

“काल बघितलं. कुठेच नाही.”

आईने पदराने तोंड पुसलं आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारी उभ्या असलेल्या बाईने वळून बघितलं.

“आठ दिस डोक्यात एकच व्हतं गो,” ती म्हणाली. “मी म्हनत व्हते, पुस्तकंच खोटी निघाली तर हिची तीन वर्षं कुठं जानार? बापाला पन नाय बोलले. चूक तुझी हाय ना?”

“माझीच आहे.”

“मग मी तुला बघून घेईन,” आई म्हणाली, आणि येणाऱ्या एसटीला हात केला. “पुस्तकाची असती तर मी कोनाला जाऊन सांगनार व्हते?”